बाबांनी न घेतलेला बैल

आमच्या घराला रंग कधी लावला हे खरं जाणून घ्यायचं असेल तर मागच्या बाजूनं यावं. पुढून घर मलईच्या रंगाचं, नवंकोरं दिसत होतं, कारण या खेपेला घरच्या मिस्सेसाठी, म्हणजे पाद्री घरी येऊन करतात त्या प्रार्थनाविधीसाठी, वाडीतून आमचा नंबर लागला होता आणि फादर लॅवेल पुढच्या दारानं येणार होते. डाव्या अंगाची भिंत बाबांनी अर्धीच रंगवली, फादरांची गाडी फाटकातून वळताना दिसते तेवढी. मागची भिंत अजून हिरवी होती. मागच्या नंबराच्या वेळी उरलेला डबा संपवायला म्हणून ती तशी झाली होती.

"देवाला सगळं दिसतंच," बाबा ब्रश धूत म्हणाले, "त्याच्यासाठी कशाला रंगवायचं?"

आम्ही टार्पी मंडळी ही अशी. दिसतं तेवढं रंगवायचं आणि उरलेल्याबद्दल बोलायचं नाही. वाईट बातमी आली की ती आधी बाबांना सांगायची. बाबा ती गोठ्यात जाऊन गाईंना सांगतात, आणि तिथंच ती मुरते. आईपर्यंत काही पोचत नाही. आईचं मन हळवं आहे असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलंय. तिला कुणी विचारलेलं नाही.

त्या शनिवारी कार्यक्रम दुहेरी होता. सकाळी क्लूनमोर वाडीतली सगळी घरं आमच्या स्वयंपाकघरात मिस्सेला येणार, मग न्याहारी, आणि तोंड पुसलं की तसंच अंगणात उभ्या असलेल्या माझ्या बसमधून डब्लिनला, मोर्च्याला. पंचवीस मेला सार्वमत होतं. आयर्लंडच्या राज्यघटनेतली गर्भपातबंदी उठवायची का, हो की नाही. आमच्या तिठ्यावर एकच खांब असल्यामुळे 'हो' आणि 'नाही' दोन्हीकडचे फलक त्या एकाच्याच गळ्यात पडले होते. मोर्चा 'नाही'वाल्यांचा होता. माझ्या कोटाच्या उजव्या खिशात 'नाही'चा बिल्ला होता आणि डाव्यात 'हो'चा, आणि समोरचं गिऱ्हाईक बघून मी हात घालत असे. धंदेवाल्या माणसाला मत परवडत नाही असं मी सांगतो. टीझी मावशी म्हणते, मत ठेवायला आधी पाठीचा कणा लागतो.

आणि मोर्च्याच्या व्यासपीठावर बोलणार होती आमची आई.

सात वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीचं, उनाचं, पाचव्या महिन्यात मूल गेलं. बाळाच्या डोक्याची कवटीच घडली नव्हती, ते जगणार नव्हतं, एवढं आईला कळलं होतं. पुढचं कुणी सांगितलं नाही, म्हणून ते तिनं आपल्या मनानं भरून काढलं. डॉक्टरांनी आशा सोडली तरी माझ्या मुलीनं त्याला पोटात सांभाळलं, आणि देवानं नेलं तेव्हाच ते गेलं. हे ती शेजारच्या कन्सेप्टा गिब्लिनना सांगायची. कन्सेप्टाबाई आमच्या भागातल्या 'नाही' समितीच्या प्रमुख. त्यांनी ते कासलबारच्या समितीला सांगितलं, कासलबारनं डब्लिनला, आणि डब्लिनहून निरोप आला की या आजीला स्टेजवर आणा. आईची आयुष्यात कशासाठी निवड झाली नव्हती. चर्चमधल्या फुलांच्या समितीतसुद्धा ती राखीव होती. तिनं निळा कोट शिवायला टाकला.

खरी गोष्ट अशी की उना बोटीनं इंग्लंडला, लिव्हरपूलला गेली होती. इथं कायद्यानं करता येत नव्हता, म्हणून गर्भपात तिनं तिथं करून घेतला. हे मला ठाऊक होतं, मावशीला ठाऊक होतं, बाबांना तर होतंच, आणि गोठ्यात सगळ्यांना.

भाषणाचं मीच उनाला फोन करून कळवलं. "आता ती माझी गोष्ट हजारो लोकांना सांगणार, आणि तीही चुकीची?" उना म्हणाली. "मी येते. मी आईशी बोलते." शुक्रवारी संध्याकाळी ती गॉलवेच्या आपल्या घरून आली आणि झोपायची वेळ होईपर्यंत चमचे पुसत बसली. तीही टार्पीच.

*

फादर लॅवेल आल्याबरोबर रिवाजाप्रमाणे आईबाबांच्या निजायच्या खोलीत जाऊन बसले, पापनिवेदन ऐकायला. बोळात रांग लागली. या रांगेत आपापली पापं सोडून बाकी सगळ्यावर कुजबूज चालते.

"फिलोमिनाला झोप लागली का रात्री?" कन्सेप्टाबाईंनी आईबद्दल विचारलं.

"तुम्ही फोन करकरून भाषण म्हणून घेतलं नसेल तर लागली असेल," टीझी मावशी म्हणाली. आईची ही धाकटी बहीण कोटावर 'हो'चा बिल्ला लावून मिस्सेला आली होती.

"टीझी, निदान मिस्सेपुरता तरी तो काढ गं."

"तुमचा काढा, मग मी माझा काढते."

कन्सेप्टाबाईंच्या कोटावर दोन इवल्या सोनेरी पावलांची पिन होती. "ही नुसती पावलं आहेत बाळाची," त्या म्हणाल्या. "पावलांना कुणाचा विरोध असतो का?"

"पावलांना नाही. ती कुठं निघालीत त्याला आहे."

"ज्याला तोंड उघडता येत नाही त्याच्यासाठी कुणी बोलायचं, टीझी? तू सांग. एक जीव आहे तो."

"आणि जिला तोंड आहे तिचं कोण ऐकतंय? आपल्या देशात गर्भपात होत नाहीत म्हणे! होतात की. फक्त बोटीचं तिकीट काढावं लागतं."

"परदेशात होतं म्हणून ते घरात आणायचं का?"

"मुली परत तर घरीच येतात ना, कन्सेप्टा? येतात आणि गप्प बसतात."

"जरा हळू," मी म्हटलं. "आत फादर आहेत."

"मग तू बोल ना, फर्गल," मावशी माझ्याकडे वळली. "तुझं काय म्हणणं आहे?"

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी दोन्ही खिशांवर हात ठेवले. "बस साडेनऊला सुटेल," मी म्हटलं.

तेवढ्यात बोळातून उना आली. तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं की चमचे पुसून संपले. मावशीनं तिचं कोपर धरून तिला कोट टांगायच्या कोपऱ्यात ओढलं. मीही सरकलो, कारण असं काही चाललं की मी सरकतोच.

"कुठं निघालीस?"

"आईकडे."

"आज नको गं. आज घरात मिस्सा आहे."

"आज नको तर कधी? दुपारी दोन वाजता ती स्टेजवर असेल." उना बिल्ल्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मावशी, तू 'हो'वाली ना? गेला महिनाभर दारोदार फिरतेस. बायकांनी बोललं पाहिजे म्हणतेस."

"बोललंच पाहिजे. पण सगळी वाडी घरात असताना?"

"म्हणजे देशाला सांगायचं आणि आईला नाही?"

"देश आपल्याकडे न्याहारीला येत नाही," मावशी म्हणाली.

उना गेली. मागून मावशी मला म्हणाली, "अडव तिला," आणि मी नेहमीप्रमाणे जागच्या जागी उभा राहिलो.

*

यापुढचं मी अर्धं ऐकलं आणि अर्धं नंतर ज्याच्या त्याच्याकडून काढून घेतलं. आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत. माणसंच तेवढी जाड आहेत.

भांडी घासायच्या मागच्या खोलीत आई ग्रेपफ्रूट कापत होती. घरच्या मिस्सेला फादरांपुढं अर्धं ग्रेपफ्रूट आणि वर एक लाल चेरी ठेवायची, हे आमच्या मेयो परगण्यातल्या बायकांनी कधीतरी ठरवलं आणि ते कुठल्याही फादरला आवडत नाही. शेजारी पाद्र्याची चिनी मातीची भांडी मांडली होती. कप, बशी, अंड्याची वाटी आणि साखरदाणी. आईच्या लग्नात आलेली ही साखरदाणी, घट्ट झाकणाची, कडेला सोनेरी रेघ. तिच्यातली साखर पाद्र्याखेरीज कुणी खाल्लेली नाही. मी लहानपणी एकदा बोट घातलं होतं, ते अजून दुखतं.

आई मनातल्या मनात भाषण म्हणत होती. 'माझी मुलगी' इथं थांबायचं, श्वास घ्यायचा, असं कन्सेप्टाबाईंनी शिकवलं होतं. एवढ्या लोकांपुढं आपण उभ्या राहणार याची तिला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा आनंद जास्त वाटत होता, आणि त्या आनंदाची लाज.

"आई, जरा बोलायचं होतं."

"चेरी दे ती. फादरांच्या फोडीवर दोन ठेवू का? नको, दिखाऊ दिसेल. बोल की."

"ते भाषण करू नकोस."

आईला वाटलं, पोरीला लोकांपुढं आपली गोष्ट नको असेल. "मी तुझं नाव घेणार नाही गं. नुसतं माझी मुलगी म्हणणार आहे. अभिमान वाटतो मला तुझा, एवढंच तर—"

"तू सांगणार आहेस तसं झालंच नाही, आई."

आईनं चेरी ठेवली.

"मी वाट बघत राहिले नाही. मी लिव्हरपूलला गेले. तिथल्या इस्पितळात केलं." उनानं ओट्याची कड धरली होती. "तो जगणार नव्हता. रोज कुणीतरी पोटाला हात लावून विचारायचं, कितवा महिना, आणि मी हसून सांगायचे. मला ते झेपत नव्हतं. म्हणून गेले."

भिंतीपलीकडून फादरांचा आवाज येत होता. कुणालातरी ते तीन प्रार्थना म्हणायला सांगत होते.

"डॉनल होता बरोबर?" आईनं विचारलं. डॉनल म्हणजे उनाचा नवरा.

"होता."

"आणखी?"

उनानं चेरी उचलून बशीत ठेवली.

"आणखी कोण होतं, उना?"

"बाबा."

आईनं हातातली सुरी ग्रेपफ्रूटमध्ये तशीच सोडली. "तेव्हा तुझे बाबा टुलामोरला बैल बघायला गेले होते," ती सावकाश म्हणाली.

आमच्या घरात ही गोष्ट प्रसिद्ध आहे. दर नाताळात आई ती सांगते आणि आम्ही दर नाताळात हसतो. हा माणूस बैल बघायला म्हणून गेला, दोन दिवस तिकडंच राहिला आणि हात हलवत परत आला. बैल का नाही घेतला म्हणून विचारलं तर म्हणाला, रंग आवडला नाही.

"म्हणजे बैल नव्हताच," आई म्हणाली.

"नव्हता."

"मॅटी!"

ती हाक बोळातल्या रांगेतच नव्हे, अंगणातल्या बसपर्यंत ऐकू गेली.

बाबा मागच्या दारानं आले, पायात अजून गोठ्यातले बूट. आईचा चेहरा बघून त्यांना सगळं कळलं. या क्षणासाठी त्यांनी सात वर्षं काहीतरी जुळवून ठेवलं होतं, गाईंपुढं त्याची तालीमही झाली होती. आयत्या वेळी त्यातला एकही शब्द आठवेना.

"फिलो, तो बैल—"

"बैलाचं नाव काढू नकोस! तू गेलास तिच्याबरोबर? तू? गाय अडली तर तुला घेरी येते! गुरांच्या डॉक्टरनं पाणी पाजलंय तुला याच अंगणात! तुला नेलं त्यांनी, आणि मला नाही?"

"मी बंदरावर सोडायला गेलो होतो फक्त," बाबा म्हणाले. "ती बोटीवर चढली. चढताना मागं वळून बघितलं तिनं. मग मी पण तिकीट काढलं."

"आणि तिथं काय केलंस?"

"बसलो. बाहेर बाक होतं, त्याच्यावर." बाबांनी टोपी काढून हातात घेतली. "नंतर त्यांनी आत बोलावलं. त्याला गुंडाळलं होतं. मी धरला थोडा वेळ."

"घेरी आली?"

"नाही. तेव्हा नाही आली."

आईनं तोंड फिरवलं. "मला का नाही सांगितलं?" हे तिनं खिडकीला विचारलं, पण उत्तर उनानं दिलं.

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणाले असते! हजारदा म्हणाले असते. अजूनही म्हणते. त्या बोटीवर तुझ्या शेजारी बसून लिव्हरपूल येईपर्यंत भांडले असते तुझ्याशी." आईचा आवाज चिरकला. "पण बसले असते शेजारी. आले असते, उना."

उना रडायला लागली. मी दारात होतो. टीझी मावशी मला पुढं ढकलत आत आली आणि तिनं मागं दार लावलं, म्हणजे आता पाचजण आणि तीस ग्रेपफ्रूट एका खोलीत.

"अगं, हळू! फादर पापं ऐकायचे थांबलेत!"

आईनं आमच्या दोघांकडे बघितलं. "तुला ठाऊक होतं?"

"फिलोमिना, मी म्हणत होते—"

"आणि तुला?"

मी मान हलवली. हो आणि नाही यांच्या मधे कुठंतरी.

"म्हणजे मी सोडून सगळ्यांना."

"गाईंनासुद्धा," मी म्हटलं. वातावरण हलकं करावं म्हणून. मावशीनं माझ्या पायावर पाय दिला.

आईनं एप्रनला हात पुसले, पुन्हा पुसले. मग वेगळ्याच, लहान आवाजात तिनं विचारलं, "नाव ठेवलं होतंत का काही?"

"रुअन."

"रुअन." तिनं ते एकदा म्हणून बघितलं. "सात वर्षं झाली, मी त्याला नुसतं 'ते बाळ' म्हणतेय. कन्सेप्टालाही तसंच सांगितलं. कुणी मला नावसुद्धा सांगितलं नाही." आणि मग, "आहे कुठं तो?"

"माझ्याकडे. त्यांनी राख नंतर पाठवली, छोट्या पेटीत. कपाटात आहे, स्वेटरांच्या मागं."

"त्या उत्तरेच्या भिंतीतल्या कपाटात?" आई एकदम मूळ आवाजावर आली. "ओल आहे त्या भिंतीला! घर घेतलंत तेव्हाच सांगितलं होतं मी! मूल ओलीत ठेवलंस?"

भिंतीपलीकडे फादर खाकरले. स्वयंपाकघरात खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला.

"आई, भाषणाचं काय?" मी विचारलं, कारण कन्सेप्टाबाई मलाच विचारणार होत्या.

"मिस्सा सुरू होतेय," आई म्हणाली, आणि एप्रन सोडून बाहेर गेली.

*

फादरांना वाकावं लागू नये म्हणून बाबांनी स्वयंपाकघरातलं टेबल चार सिमेंटच्या ठोकळ्यांवर चढवलं होतं. त्यावर पांढरी चादर, दोन मेणबत्त्या. सगळी वाडी दाटीवाटीनं उभी होती आणि ताज्या रंगाच्या वासानं निम्म्या लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे आमच्या डोळ्यांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. उना फ्रिजला टेकून उभी होती. आई पुढं, निळ्या कोटात. उनाला तिची फक्त पाठ दिसत होती आणि त्या पाठीवरून काही कळत नव्हतं. ती आता डब्लिनला जाऊन तरीही बोलेल, असं उनाच्या मनात येत होतं. गोष्टीत लिव्हरपूल घालूनही बोलेल. माझी मुलगी चुकली, तुमच्या मुलींना चुकू देऊ नका. तसंही भाषण होतं त्यातून. जास्त टाळ्यांचं.

आमच्याकडे घरच्या मिस्सेत एक जागा येते. फादर थांबतात आणि घरची बाई त्या घरातल्या मेलेल्यांची नावं मोठ्यानं घेते.

"या घराचे दिवंगत," फादर लॅवेल म्हणाले.

"मॅटीचे वडील मार्टिन," आई म्हणाली. "मॅटीची आई बिना. माझे आईवडील. बॉस्टनमध्ये वारलेला मॅटीचा भाऊ स्टीफन."

इथं ती नेहमी थांबते. फादरांनी पुढचं म्हणायला तोंड उघडलं होतं.

"आणि रुअन," आई म्हणाली. "आमच्या उनाचा मुलगा. माझा नातू. तो लिव्हरपूलला गेला."

त्या महिन्यात आयर्लंडमध्ये त्या शहराचं नाव घेतल्यावर पुढं काही सांगायला लागत नव्हतं. कुणीतरी खोकायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिली. कन्सेप्टाबाईंनी कोटावरच्या पिनेवर हात ठेवला. ती झाकायला की धरायला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या आईच्या शाळेतल्या मैत्रीण होत्या आणि समितीच्या प्रमुखही, आणि त्यांच्यातली कुठली आधी उभी राहतेय हे ठरेपर्यंत त्यांनी खाली बघितलं. बाबा मात्र वर बघत होते. सात वर्षांत मी त्यांना मिस्सेत मान वर करून उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

फादर लॅवेल तरुण आहेत, गेल्याच वर्षी आलेत. त्यांनी पुस्तकाचं पान उलटलं, परत मागं आणलं, आणि मला वाटलं आता बस उशिरा सुटणार.

"आणि रुअन," ते म्हणाले. "प्रभू, त्यांना चिरशांती दे."

सगळ्यांनी "आमेन" म्हटलं. सवयीनं का होईना, म्हटलं.

*

न्याहारीला फादर टेबलाच्या डोक्याशी बसले. ग्रेपफ्रूटवरची चेरी त्यांनी खाल्ली आणि बाकीचं आदरानं बाजूला सारलं. आईनं चहा ओतला. फादर इकडंतिकडं बघायला लागले.

"साखर मिळेल का?"

मी कपाट उघडलं. पाद्र्याची साखरदाणी जागेवर नव्हती. मागच्या खोलीत बघितलं, तर तिच्यातली सगळी साखर एका सुपाच्या वाडग्यात ओतून ठेवलेली. तोच वाडगा मी फादरांपुढं ठेवला. पाद्र्याला साखर आम्ही अशी दिली हे पाहून मेलेल्या आजीनं काय म्हटलं असतं याचा विचार मी करत होतो.

कन्सेप्टाबाई आईजवळ आल्या. "फिलोमिना, स्टेजचं मग कसं करायचं?"

लोक तोंडातला बेकनचा घास चावायचे थांबले.

"नाही जमणार, कन्सेप्टा," आई म्हणाली. "आज सकाळपर्यंत मला त्याचं नाव ठाऊक नव्हतं. मी त्याच्याबद्दल कुणाला काय सांगणार?"

"आणि मत?"

"मत माझं मी देईन."

टीझी मावशीचा चेहरा खुलला. "हसू नकोस तू," आई तिच्याकडे न बघता म्हणाली. "तुझ्या बाजूनं देईन असं मी कुठं म्हटलंय? आणि तू तर बोलूच नकोस. दारोदार सांगत फिरलीस, बहिणीचं दार तेवढं राहिलं."

मावशीनं बशीतल्या ब्रेडकडे बघितलं. मग तिनं उठून किटली घेतली आणि कन्सेप्टाबाईंच्या कपात चहा ओतला, न विचारता. कन्सेप्टाबाईंनी तो घेतला. दोघी भिंतीला टेकून शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. आमच्या आईनं झापल्यावर माणसं अशी जवळ येतात.

"पण मग बोलायचं कुणी?" कन्सेप्टाबाई थोड्या वेळानं म्हणाल्या. "तिकडं वेळ ठरलीय." सगळ्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. मी दोन्ही हात दोन्ही खिशांत घातले आणि दोन्ही बिल्ल्यांच्या सुया मला एकाच वेळी टोचल्या.

"फर्गल गाडी चालवेल," आई म्हणाली. "तेवढं त्याला जमतं."

बस निघाली तेव्हा पुढची जागा रिकामी होती. आईसाठी राखलेली. कन्सेप्टाबाईंनी तिथं गुंडाळलेला बॅनर ठेवला. आमच्या मागोमाग बाबांची गाडी फाटकातून बाहेर पडली. बाबा चालवत होते, आई त्यांच्या शेजारी, उना मागं. कुठं निघालात म्हणून मी विचारलं होतं, तर आई म्हणाली होती, "त्या कपाटाचं काहीतरी करायला हवं."

तिठ्यावर, खांबाशी, मला डावीकडे डब्लिनच्या रस्त्याला लागायचं होतं आणि त्यांना उजवीकडे गॉलवेला. बाबांची गाडी माझ्या शेजारी येऊन थांबली. बसच्या उंचीवरून मला त्यांच्या गाडीच्या आत दिसत होतं. आईच्या मांडीवर भांडी पुसायच्या कापडात काहीतरी गुंडाळलेलं होतं. तिनं कापडाचं टोक बाजूला केलं. सोनेरी रेघ दिसली.

आईनं साखरदाणीचं झाकण काढलं, आत बघितलं, आणि एखादा कण राहिला असेल तर म्हणून फुंकर मारली. मग कोटाच्या बाहीनं आतून पुसलं. झाकण पुन्हा बसवलं, दाबून बघितलं, आणि वरून दोन्ही हात ठेवले.

"फर्गल, निघ की," मागून कन्सेप्टाबाई म्हणाल्या. "उशीर होतोय आपल्याला."

"थांबा जरा," मी म्हटलं, आणि बाबांची गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत बस जागची हलवली नाही.